आवाज वाढतो, पण बाण हालत नाही

(भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते आणि परत परत आलेली वाक्यं काढली आहेत. भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवर अख्खा भाग? विषय आहे रिमोट. टीव्हीच्या मागं जी स्टिक किंवा छोटी डबी लावतात, ज्याच्यावर यूट्यूब, मालिका, पिक्चर, क्रिकेट लागतं, तिचा रिमोट. तो चालंना गेला तर काय करायचं.

मी इस्लापूरला वायरिंगची, मोटारींची कामं करतो हे जुन्या ऐकणाऱ्यांना माहीत आहे. पूर्वी लोक बोलवायचे ते फ्यूज गेला, पंखा फिरंना, मोटार पाणी उचलंना म्हणून. आता निम्म्या घरांत पंख्याचं काम झालं, मी पक्कड-टेस्टर पिशवीत टाकायला लागलो, की कोणीतरी हळूच रिमोट आणून पुढं धरतं. "हे बी बघा की जरा." आणि हे म्हणताना आवाज असा खाली गेलेला असतो, जसं काही त्यांनीच काहीतरी चुकीचं केलंय.

आपल्याकडं ह्या स्टिका आल्या कशा? पोरं पुण्याला, हैदराबादला, नांदेडला कामाला. दिवाळीला येतात, येताना स्टिक आणतात, लावून देतात, खातं उघडून देतात, चार दिवस सगळे मिळून बघतात आणि परत जातात. मागं राहतात आई-वडील आणि रिमोट. किनवट तालुक्यात तर हे लवकर रुजलं. एकाच घरात सासूला मराठी मालिका, सुनेला तेलुगू पिक्चर, पोराला क्रिकेट. तेलंगणा इथून हाकेच्या अंतरावर. डिशच्या ठराविक चॅनलांपेक्षा हे बरं वाटतं. बरं वाटण्यासारखंच आहे.

पण ह्यात एक गोम आहे. साध्या टीव्हीचा रिमोट मेला तर टीव्हीच्या अंगावर, खाली नाहीतर मागं, एखादं तरी बटण असतं. चाचपडून सापडतं. टीव्ही लागतो, आवाज कमी करता येतो. स्टिकच्या अंगावर असं काही नसतं. कुठं असलंच तर एखादं रीसेटचं टिकलीएवढं बटण, त्यानं कार्यक्रम लागत नाही, उलट सगळं पुसलं जातं. म्हणजे घराला एकच दार, त्याला एकच किल्ली, आणि ती किल्ली दोन पेन्सिल सेलांवर चालणार.

थोडं मागं जातो, कारण ही गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत झेनिथ नावाची कंपनी होती. १९५० मध्ये त्यांनी टीव्हीला वायरीनं जोडलेला रिमोट काढला, त्याचं नाव 'लेझी बोन्स', म्हणजे आळशी हाडं. लोक त्या वायरीत अडखळायला लागले. १९५५ मध्ये त्यांच्याच यूजीन पॉली ह्या इंजिनिअरनं बॅटरीसारखा उजेड टाकणारा रिमोट केला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांवर उजेड ओळखणारे डोळे होते. अडचण ही, की खिडकीतून ऊन आलं तरी चॅनल बदलायचं! मग १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलरचा रिमोट आला. त्यात सेलच नव्हता. बटण दाबलं की आत एक छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, आपल्या कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज निघायचा आणि टीव्ही तो ऐकायचा. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधीकधी चॅनल बदलायचं म्हणे, पण सेल संपला म्हणून टीव्ही बंद, असं होत नव्हतं. सत्तर वर्षं होत आली. आपण सेलाकडं आलो, आणि टीव्हीवरची बटणं पण गेली.

असो. आता कामाचं.

आपल्या घरात आज जे रिमोट आहेत ते दोन प्रकारे बोलतात. एक इन्फ्रारेड. रिमोटच्या टोकाला जो छोटा दिवा असतो तो डोळ्याला न दिसणारा उजेड टाकतो, साधारण सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकत. तो सरळ रेषेत जातो. मध्ये माणूस आलं, पडदा आला, की गेला. दुसरा प्रकार ब्लूटूथ. ही रेडिओची लहर आहे, २.४ गिगाहर्ट्झची. तिला सरळ रेषा लागत नाही, पण ओळख लागते. हा रिमोट ह्या स्टिकचा, हे दोघांनी एकमेकांना आधी सांगितलेलं असावं लागतं. त्याला पेअरिंग म्हणतात. मी घराघरांत सोयरीक म्हणतो, लगेच समजतं. सोयरीक मोडली की रिमोट चांगला, स्टिक चांगली, पण बोलणं बंद.

आणि ज्याच्यामुळं सगळा घोळ होतो ती गोष्ट पुढं आहे. आवाजावर चालणाऱ्या बहुतेक स्टिकचा रिमोट हे दोन्ही प्रकार वापरतो. बाण, ओके, होम, बोलायचं बटण, हे सगळं ब्लूटूथनं स्टिकला जातं. आवाज कमी-जास्त आणि टीव्ही चालू-बंद हे इन्फ्रारेडनं थेट टीव्हीला जातं. एकाच हातातलं एकच यंत्र, दोन भाषा बोलतंय, दोन वेगवेगळ्या पाहुण्यांशी.

आता आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं सांगतो. वय सत्तरच्या पुढं, घरात एकट्या, मुलगा बाहेरगावी. संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की तास-दीड तास कीर्तन ऐकायचं, हा त्यांचा नेम. मी गेलो होतो बोर्डातलं स्विच बदलायला. बघतो तर टीव्हीवर चादर टाकलेली, वर टाचण्या. मी म्हटलं, काकू, टीव्ही बंद ठेवलाय का? तर म्हणाल्या, "वीस दिवस झाले बघ. माझ्याच हातानं बिघडला. पोराचे पैसे पाण्यात गेले."

काय झालं होतं? त्यांनी मुलाला फोन केला होता. मुलानं तिकडून विचारलं, सेल बदलले का? बदलले. दोनदा बदलले. मग तो म्हणाला, "तू कुठलं तरी भलतंच बटण दाबलं असशील." झालं. त्या दिवसापासून काकूंनी रिमोटला हात लावला नाही. पोराला वाईट वाटू नये म्हणून परत फोनवर विषय पण काढला नाही. तो विचारायचा, टीव्ही बघतीस का? ह्या म्हणायच्या, बघते की.

मी विचारलं, नेमकं काय होतंय? काकू म्हणाल्या, "आवाज वाढतो, पण बाण हालत नाही."

मंडळी, हे वाक्य परत ऐका. ह्या एका वाक्यात अर्धं निदान झालेलं आहे. आवाज वाढतो म्हणजे सेलात जीव आहे, रिमोटचं सर्किट चालू आहे, इन्फ्रारेडचा दिवा चालू आहे. बाण हालत नाही म्हणजे ब्लूटूथची बाजू बंद आहे. शहरातला कारागीर यंत्र लावून जे सांगेल ते काकूंनी नुसतं बघून सांगितलं होतं. मुलाला पण हेच सांगितलं होतं, मी विचारून घेतलं. त्यानं ते "काहीतरी बोलायलीय" म्हणून सोडून दिलं.

म्हणून जे बाहेरगावाहून फोनवर आई-वडिलांना टीव्ही समजावतात त्यांना माझं सांगणं आहे. "तू काय केलंस" हे विचारू नका. "काय काय चालतंय आणि काय चालत नाही" हे विचारा. आवाज वाढतो का? टीव्ही बंद होतो का? रिमोटवर बारकी लाईट लागते का? टीव्हीवर चित्र दिसतंय का, का काळं आहे? चारच प्रश्न. रोजच्या वापरात चुकून एखादं बटण दाबलं म्हणून स्टिक खराब होत नाही, अशी यंत्रं बनवतच नाहीत.

ह्याच्या उलटं पण होतं. बाण हालतो, कार्यक्रम लागतो, पण आवाज वाढत नाही. तेव्हा ब्लूटूथ ठीक आहे, इन्फ्रारेडमध्ये गडबड आहे. एक तर टीव्ही बदलला आणि रिमोटला नवीन टीव्हीची कंपनी कोणती ते सांगितलेलं नाही. ते सेटिंगमध्ये टीव्हीचं नाव निवडून होतं. नाहीतर रिमोटला प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय आणि ते टोकाशी पिवळं, धुरकट झालंय. आपल्या लोकांना कव्हर घातल्याशिवाय करमत नाही. घाला, पण टोक कापून मोकळं ठेवा.

इन्फ्रारेड चालू आहे का हे बघायला मोबाईलचा कॅमेरा पुरतो. पुढचा, सेल्फीचा कॅमेरा उघडायचा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरायचं आणि आवाजाचं बटण दाबायचं. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्याला हा उजेड अडवणारी काच असते, म्हणून पुढचा घ्यायचा. पण लक्षात ठेवा, ह्या रिमोटचे बाण दाबून ठिपका दिसणार नाही. बाण ब्लूटूथचे. बरेच जण बाण दाबून बघतात, ठिपका दिसत नाही, की "रिमोट मेला" म्हणून नवीन मागवतात. मेलेला नसतो.

काकूंच्या घरी मी आधी रिमोटला हात लावलाच नाही. म्हटलं, टीव्हीचा स्वतःचा रिमोट कुठं आहे? शोकेसमध्ये निघाला, कंपनीच्या पिशवीतच, कोरा. स्टिक आल्यापासून त्याची गरजच पडली नव्हती. त्यात सेल घातले.

ही युक्ती बऱ्याच लोकांना माहीत नाही. स्टिक ज्या एचडीएमआयच्या खाचेत बसते, त्या खाचेतून नुसतं चित्र आणि आवाज जात नाही, हुकूम पण जातो. टीव्हीच्या रिमोटचा बाण दाबला की टीव्ही तो हुकूम आतल्या आत स्टिकला देतो. ह्या सोयीचं मूळ नाव सीईसी. पण टीव्हीच्या कंपन्यांनी आपापली नावं ठेवलीत. सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करायचं. बऱ्याच टीव्हीत ते बंदच असतं. स्टिकमध्ये पण ते चालू असावं लागतं, बहुतेक वेळा असतं.

मी ते चालू केलं, टीव्हीचा रिमोट काकूंच्या हातात दिला. म्हटलं, आता बाण दाबा. त्या दाबंनात. "तूच दाब." मी म्हटलं, नाही, तुम्हीच. दाबला. पडद्यावरची चौकट एक घर उजवीकडं सरकली. काकू काही बोलल्या नाहीत. परत दाबला. परत सरकली. मग त्यांनी स्वतःच चालवत चालवत कीर्तन लावलं आणि मला म्हणाल्या, चहा टाकते, बस.

चहा होईस्तोवर मी मूळ दुखणं बघितलं. दिवाळीच्या आधी घराला रंग दिला होता. रंगवाल्यानं टीव्ही उतरवला, मागचं सगळं काढलं, परत लावताना दोन गोष्टी बदलल्या. स्टिकसोबत वीतभर लांबीची एक छोटी वायर येते, एचडीएमआयची. ती त्यानं काढून ठेवली आणि स्टिक थेट टीव्हीत खुपसली. आणि स्टिकला करंट द्यायचा तो भिंतीतल्या अ‍ॅडॉप्टरऐवजी टीव्हीच्याच यूएसबीमधून दिला, वायर कमी दिसावी म्हणून. दिसायला छान.

पण ती छोटी वायर शोभेची नसते. स्टिक थेट टीव्हीच्या पाठीला चिकटली की पुढं मोठा पत्रा, मागं भिंत, मध्ये ती. ब्लूटूथची लहर बिचारी बाहेर यायला रस्ता शोधते. वाय-फायचं पण तेच. वीतभर बाहेर काढली की फरक पडतो. बऱ्याच घरांत ही वायर खोक्यात तशीच पडलेली असते. आज घरी गेल्यावर खोकं उघडून बघा.

दुसरं, करंट. साध्या यूएसबी २.० च्या खाचेतून नियमाप्रमाणं अर्धा ॲम्पिअर मिळतो. स्टिकचा अ‍ॅडॉप्टर एक ॲम्पिअरचा किंवा त्याहून मोठा असतो. म्हणजे निम्म्या जेवणावर पूर्ण काम करून घ्यायचं. मग स्टिक मध्येच बंद पडून परत चालू होते, रिमोट दाबला की दोन मिनिटांनी हालते, आणि नाव रिमोटचं खराब होतं. शिवाय टीव्ही बंद केला की कित्येक टीव्हींचं यूएसबी पण बंद होतं, म्हणजे रोज रात्री स्टिकची लाईट ओढल्यासारखं. तिचा अ‍ॅडॉप्टर तिला द्या.

दोन्ही पूर्ववत केलं आणि सोयरीक परत जुळवली. ही कृती प्रत्येक कंपनीची जराशी वेगळी. फायर टीव्हीला होमचं बटण, ज्याच्यावर घराचं चित्र असतं, ते दहा सेकंद दाबून धरायचं. गुगल टीव्हीच्या क्रोमकास्टला मागं जायचं बटण आणि होम, दोन्ही एकत्र दाबायची, लाईट लुकलुकेपर्यंत. कुठलंही असो, क्रम एकच. आधी स्टिकची पिन काढायची. रिमोटचे सेल काढायचे. मिनिटभर थांबायचं. स्टिक चालू करायची, पडद्यावर घरचं पान येऊ द्यायचं, ह्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात, घाई करायची नाही. मग सेल घालून, टीव्हीच्या जवळ जाऊन बटण दाबून धरायचं. लोक दिवाणावर बसून दाबतात आणि पाचव्या सेकंदाला सोडतात. दहा म्हणजे दहा. तोंडानं मोजा.

काकूंची स्टिक कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. सगळ्यांचं जवळपास असंच आहे, एकीला नाव ठेवून उपयोग नाही.

आता दुसरं घर. हिमायतनगरकडचं, नातेवाइकांचं. हे प्रकरण अवघड होतं, आणि ह्याचा उपाय ऐकायला गमतीशीर आहे, म्हणून नीट ऐका.

त्यांच्याकडं स्टिक भाच्यानं बसवली होती, स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. भाचा परत गेला. मग घरी नवीन इंटरनेट आलं, नवीन वाय-फाय. स्टिकला त्याचा पासवर्ड द्यायचा तर रिमोट पाहिजे. रिमोट तर पाण्याच्या बादलीत पडलेला, खलास. टीव्ही जुना, त्याला सीईसी नाही. मग मोबाईलवर रिमोटचं ॲप घ्यावं, हे ॲप फुकट असतं, फायर टीव्हीचं वेगळं, गुगल टीव्हीचं वेगळं. पण ॲप स्टिकला शोधतं ते कधी? दोघं एकाच वाय-फायवर असतील तेव्हा. स्टिक कुठल्याच वाय-फायवर नाही. वाय-फायवर घ्यायला रिमोट पाहिजे, रिमोटसाठी ॲप पाहिजे, ॲपसाठी वाय-फाय पाहिजे. विहिरीत उतरायला दोर पाहिजे आणि दोर विहिरीत पडलाय.

सुटका अशी. स्टिक जुनं वाय-फाय विसरत नाही. तिला नाव आणि पासवर्ड पाठ असतो, आणि मोबाईल कुणाचा आहे हे ती बघत नाही. भाच्याला फोन केला, त्याच्या हॉटस्पॉटचं नाव काय होतं, पासवर्ड काय होता ते विचारलं. माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला हुबेहूब तेच नाव, तोच पासवर्ड दिला. इंग्रजी लहान-मोठं अक्षर, मधली मोकळी जागा, सगळं तस्संच. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला, कारण जुन्या स्टिकला ५ दिसत नाही. स्टिक बंद करून चालू केली. तिला वाटलं भाचाच आला. जोडली गेली.

मग घरातला दुसरा मोबाईल त्याच हॉटस्पॉटवर घेतला, त्यात ॲप टाकलं. ॲपमध्ये स्टिकचं नाव दिसलं, टीव्हीवर चार आकडे आले, ते मोबाईलमध्ये टाकले, आणि मोबाईल झाला रिमोट. तिथून सेटिंगमध्ये जाऊन नवीन वाय-फायचा पासवर्ड दिला. इथं एक गंमत होते, घाबरू नका. स्टिक नवीन वाय-फायवर गेली की ॲप तिला हरवतं. कारण मोबाईल अजून जुन्या हॉटस्पॉटवर असतो. मोबाईल पण नवीन वाय-फायवर आणायचा, की झालं. दोन मोबाईल लागतात ह्याला, एक हॉटस्पॉटला आणि एक रिमोट म्हणून, हे आधीच सांगून ठेवतो.

काही अँड्रॉइड डब्यांना यूएसबीची खाच असते. त्यांना कॉम्प्युटरचा साधा माऊस लावला तरी पडद्यावर बाण फिरतो. तेवढ्यापुरतं काम भागतं. आणि शाओमीच्या बऱ्याच फोनना वरच्या कडेला इन्फ्रारेडचा काळा ठिपका असतो, त्यानं टीव्ही चालवता येतो, पण ब्लूटूथवाली स्टिक नाही चालत. ह्यात लोक फसतात.

सेलांबद्दल. आपल्याकडं किराणा दुकानात जो स्वस्त सेल मिळतो तो बहुतेक झिंक-कार्बनचा. भिंतीवरच्या घड्याळाला उत्तम. घड्याळ थेंब-थेंब करंट घेतं. ब्लूटूथचा रिमोट एकदम घोट घेतो, बोलायचं बटण दाबलं की आणखी मोठा घोट. स्वस्त सेल तेवढा एकदम देऊ शकत नाही. त्यामुळं "नवीन सेल घातले तरी चालंना" हे खरं असतं. अल्कलाइन लिहिलेला सेल घ्या. चार्जिंगचे सेल दीड नाही, १.२ व्होल्टचे असतात, काही रिमोट त्यांना लवकर "संपले" म्हणतात.

सेल काढून तळहातावर आपटणं, जागच्या जागी गोल फिरवणं, उन्हात ठेवणं, हे सगळं आपण करतो. फिरवल्यानं खरंच फायदा होतो, स्प्रिंगवरचा मळ खरवडला जातो. ऊन दिल्यानं सेल जरा गरम होतो आणि थोडा वेळ जास्त देतो, बस तेवढंच. दातानं चावायचा प्रकार मात्र बंद करा, लेकरं बघतात. एक जुना आणि एक नवा अशी जोडी पण लावू नका. नवा जुन्याला ओढत नेतो आणि जुना फुटून गळतो.

गळला तर? अल्कलाइन सेलातून पांढरा खरखरीत थर येतो, तो क्षार आहे, हाताला लावू नका. कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसायचं, मग कोरड्या फडक्यानं, मग तासभर पंख्याखाली. निम्मे "मेलेले" रिमोट इथंच जिवंत होतात.

सेल आठ दिवसांत संपत असतील तर सेलाला शिव्या देऊ नका. एखादं बटण आत अडकलेलं आहे. चहा सांडलेला असतो, लेकराच्या हाताचा गूळ असतो. अडकलेलं बटण रात्रंदिवस दाबल्यासारखं राहतं, करंट पीत राहतं आणि दुसरी बटणं चालू देत नाही. सेल काढून प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबा, कुठलं वर येत नाही ते बोटाला कळतं.

आता जे सांगणार आहे ते ऐकल्याशिवाय बंद करू नका. रिमोट चालंना, की लोक मोबाईलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधतात. शोधात वर येणारे काही नंबर भामट्यांचे असतात. ते गोड बोलतात, मराठी-हिंदी सगळं बोलतात. म्हणतात, तुमची स्टिक बंद पडलीय, परत चालू करायला दहा रुपये भरा, लिंक पाठवतो. नाहीतर म्हणतात, एक ॲप टाका, मी इथून बघतो. ते ॲप म्हणजे तुमच्या मोबाईलचा पडदा त्याच्यासमोर उघडा ठेवणं. दहा रुपये भरताना टाकलेला पिन, आलेला ओटीपी, सगळं त्याला दिसतं. आणि खात्यात असतात कापसाचे, सोयाबीनचे, नाहीतर पेन्शनचे पैसे.

तर ऐका. रिमोट जोडायला एक रुपया लागत नाही. कुठल्याच कंपनीत लागत नाही. कंपनीचा नंबर शोधून काढायचा नाही, खोक्यावरचा किंवा त्यांच्या ॲपमधलाच घ्यायचा. कोणी पडदा दाखवायला सांगितलं की फोन ठेवून द्यायचा, उद्धटपणा वाटला तरी चालेल. पैसे गेलेच तर त्याच घडीला १९३० ला फोन करायचा. जितका लवकर फोन तितकी रक्कम थांबायची शक्यता जास्त. उद्या मुलाला विचारून करू, असं करू नका. लाज वाटते म्हणून लोक दोन दिवस थांबतात आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून जातात.

आणि वॉरंटीतला रिमोट दुकानदार किंवा कंपनी बदलून देत नसेल तर ग्राहकांची सरकारी हेल्पलाइन १९१५ आहे. बिल जपून ठेवलेलं असलं तर बोलायला सोपं जातं.

नवीन रिमोट घ्यायची वेळ आलीच, तर जुन्याच्या पाठीवर, सेलच्या झाकणाच्या आत, जो मॉडेल नंबर असतो त्याचा फोटो घेऊन जा. "सगळ्यांना चालतो" म्हणून बाजारात जो मिळतो तो बहुधा इन्फ्रारेडचा असतो, टीव्हीला चालेल, ब्लूटूथच्या स्टिकला नाही. जुना चालतोय तोवरच नवीन जोडून घ्या. फायर टीव्हीला तर एका वेळी सात रिमोट जोडता येतात.

मी आता प्रत्येक घरातून निघताना तीन कामं करतो. ॲप टाकतो, आणि ते जो माणूस त्या घरात राहतो त्याच्या मोबाईलमध्ये, बाहेरगावच्या मुलाच्या नाही. टीव्हीच्या रिमोटनं स्टिक चालते का ते करून दाखवतो, आणि त्यांच्याकडून करून घेतो. आणि वाय-फायचं नाव-पासवर्ड कागदावर लिहून टीव्हीच्या मागं चिकटवतो. पासवर्ड मागं चिकटवू नये असं शिकलेले लोक म्हणतात. बँकेचा नका चिकटवू. वाय-फायचा चिकटवा.

हो, एक राहिलं. आपल्याकडं लाईट जाऊन आली की स्टिक आणि वाय-फायची डबी एकदमच चालू होतात. स्टिक लवकर उठते, डबीला वेळ लागतो. पडद्यावर "नेटवर्क नाही" येतं आणि लोक रिमोट बडवायला लागतात. तीन मिनिटं थांबा, मग दाबा.

पुढच्या भागात इन्व्हर्टरची बॅटरी, पाणी कोणतं घालायचं आणि किती. तुमच्या घरच्या रिमोटचं काही अडलं असेल तर आवाजाचा निरोप पाठवा. पाठवताना काय चालतंय आणि काय चालत नाही, दोन्ही सांगा.